विश्वास तर ठेवला, मग स्वभाव का बदलत नाही?

दर बुधवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थना असते. पाच-सहा कुटुंबं येतात. दोन गीतं होतात, शास्त्रभाग वाचतो, प्रार्थना करतो, मग चहा. गेल्या पावसाळ्यात चहाचे कप फिरत असताना माझ्या पुतणीने एकदम विचारलं, "काका, माझं दृढीकरण होऊन, म्हणजे चर्चमध्ये मी स्वतः विश्वास कबूल करून, चार वर्षं झाली. रोज बायबल वाचते. पण राग तसाच्या तसा आहे. दादाशी भांडण झालं की आठ-आठ दिवस बोलत नाही मी त्याच्याशी. मग बदललं काय?"

खोलीत कोणीच बोललं नाही. प्रत्येकाला तो आपलाच प्रश्न वाटला असणार. मी तेव्हा काहीतरी जुजबी उत्तर दिलं आणि घरी सगळे पांगल्यावर ते उत्तर मलाच टोचत राहिलं. तिला नीट बसून जे सांगायला हवं होतं, ते इथे लिहितो. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेलो नाही. इंदूरच्या कापड बाजारात तीस वर्षं हिशेब लिहितो आहे, त्यामुळे माझे दाखले बरेचसे वहीखात्यातले असतील.

आधी दोन शब्द वेगळे करू: 'नीतिमान ठरणं' आणि 'पवित्रीकरण'. उपासनेत ते इतक्या वेळा कानावर पडतात की त्यांच्यातली रेष पुसट होते.

नीतिमान ठरवणं हा कोर्टातला शब्द. न्यायाधीश निकाल देतो आणि आरोपी मोकळा होतो. निकाल हप्त्याहप्त्याने लागत नाही, एकदाच लागतो. बायबलमध्ये इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो, "कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे." क्रियापद नीट पाहा: झालेले आहे. देवासमोरचं माझं देणं ख्रिस्ताने चुकतं केलं, वहीत तशी नोंद पडली, विषय संपला.

पवित्रीकरण, म्हणजे हळूहळू पवित्र होत जाणं, हा घरातला शब्द. पौलानेच रोमकरांच्या पत्रात दत्तकपणाचं चित्र दिलं आहे, तेच थोडं पुढे नेतो. एखाद्या जोडप्याने मूल दत्तक घेतलं, कागदावर सह्या झाल्या, त्या क्षणी ते मूल त्या घरचं झालं. आडनाव मिळालं, वारसा मिळाला. पण त्या घरची बोलण्याची रीत, आल्यागेल्याला पाणी विचारण्याची सवय, रागावल्यावरसुद्धा शब्द जपून वापरण्याचं वळण त्याच्या अंगात मुरायला वर्षं जातात. मुरलं नाही म्हणून कोणी त्याला घराबाहेर काढत नाही. आणि आता घरचंच आहे म्हणून कोणी शिकवणं सोडूनही देत नाही.

क्रम उलटला की सगळं बिघडतं. आधी मी सुधारेन, मग देव मला जवळ करील, असं धरून चालणारा माणूस काही दिवसांनी खचतो, नाहीतर चारचौघांत सुधारल्यासारखं दाखवायला शिकतो. तरुणपणी मी या दोन्हींतून गेलो आहे. म्हणून पुतणीला पहिली गोष्ट हीच सांगायची होती: तुझा राग गेला नाही म्हणून तुझं घर गेलेलं नाही.

या वाढीचा वेग किती, ती कुठवर पोचते, यावर ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या चर्चमध्ये, जुनी चर्चा आहे. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन लूथर याचं म्हणणं असं की विश्वासणारा माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. अठराव्या शतकातला इंग्रज उपदेशक जॉन वेस्ली याचा विश्वास होता की देवाच्या कृपेने माणूस याच आयुष्यात परिपूर्ण प्रीतीपर्यंत पोचू शकतो. कॅथलिक बांधव नीतिमान ठरणं आणि पवित्र होत जाणं ही एकाच कृपेची सलग वाट मानतात. रोजच्या जगण्यात काहीतरी वाढताना दिसलं पाहिजे, यावर मात्र तिघांचं एकमत आहे. म्हणून मी त्या चर्चेत इथे शिरत नाही.

करतो कोण, देव की मी?

फिलिप्पैकरांच्या पत्रातलं एक वाक्य मी कितीतरी वर्षं अर्धंच वाचत होतो. "भीत व कापत आपले तारण साधून घ्या", इथे थांबायचो आणि घाबरायचो. पुढचा भाग असा आहे: कारण इच्छा करणं आणि कृती करणं, ही दोन्ही तुमच्या ठायी साधून देणारा तो देव आहे. आपल्या मराठी शास्त्रात एकच क्रियापद दोन्हीकडे आलं आहे. साधून घ्या, कारण तो साधून देतो. पन्नास टक्के देवाचे आणि पन्नास माझे, अशी ही भागीदारी नाही. माझ्या मनात चांगलं करण्याची नुसती इच्छा उठली, तर ती उठवणाराही तोच. आणि तरी हात मलाच हलवायचा आहे.

मालव्यात राहणाऱ्याला हे शेतावरून चटकन कळेल. मार्काच्या शुभवर्तमानात येशूचा एक छोटा दृष्टान्त आहे. माणूस जमिनीत बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि ते बी कसं रुजतं, कसं वाढतं हे त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते: आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. आमच्याकडे काळ्या जमिनीत पावसाळ्यात सोयाबीन आणि थंडीत गहू घेतात. शेतकरी नांगरतो, पेरतो, पाणी देतो, तण काढतो. एवढं सगळं करून एक दाणा वाढवणं त्याच्या हातात नसतं. पण पेरलंच नाही तर काय उगवणार आहे? शिवाय पेरणीनंतर आठव्या दिवशी जमीन उकरून मूळ किती खोल गेलं हे पाहणारा पीक मारतो. माझ्यातला किती राग कमी झाला, हे रोज उकरून पाहणंही तसंच.

दुसरी एक गोष्ट गलतीकरांच्या पत्रातली. आत्म्याचं फळ सांगताना पौल नऊ गुण मोजतो: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. गुण नऊ, पण शब्द एकवचनी. फळं नाही, फळ. मूळ ग्रीकमध्येही एकवचनच आहे. म्हणजे हा भाजी बाजार नव्हे, की सहनशीलता पावशेर घेतली आणि इंद्रियदमन ठेवलं परत. संत्र्याच्या फोडी जशा एकाच सालीत असतात, तसे हे नऊ गुण एकत्र वाढतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. काही माणसं जन्मतः शांत असतात. आम्ही लगेच म्हणतो, किती आध्यात्मिक! पण तोच शांत माणूस उसने घेतलेले पैसे परत करायला वर्ष लावत असेल, किंवा बायकोच्या आजारपणातही त्याच्या शांतपणात काही फरक पडत नसेल, तर ती शांतता स्वभावाची आहे, फळाची नाही. उलट माझ्या पुतणीसारखी तापट मुलगी चिडून झाल्यावर रडत प्रश्न विचारते, तेव्हा मला तिथे अंकुर दिसतो. ज्याच्यात काहीच वाढत नाही त्याला असा प्रश्न पडत नाही.

अठराशे रुपये

आता एक स्वतःची गोष्ट सांगतो. बरीच वर्षं झाली. दिवाळीच्या आधीचा आठवडा, दुकानात श्वास घ्यायला जागा नाही. संध्याकाळी रोजमेळ, म्हणजे दिवसाचा जमाखर्च, लावला तर रोकड अठराशे रुपयांनी कमी. दुपारी मी जेवायला गेलो होतो तेव्हा तासभर गल्ल्यावर एक एकोणीस वर्षांचा मुलगा बसला होता, नवीनच लागलेला. मी त्याला दोन गिऱ्हाइकांसमोर आणि सगळ्या नोकर माणसांसमोर विचारलं, "गल्ल्यावर तूच होतास ना?" दुसरं काही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती. त्याचं तोंड उतरलं, आणि बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

रात्री झोपताना डोक्यात आलं, अठराशेला नऊने भाग जातो. हिशेब लिहिणाऱ्या कोणालाही विचारा: फरकाला नऊने भाग गेला की आधी आकडे उलटे पडलेत का ते बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडली. तीन हजार पाचशेची आवक मी पाच हजार तीनशे लिहिली होती. अक्षर माझं, शाई माझी.

मी आकडा दुरुस्त केला. शेठजींना सांगितलं, मेळ बसला. त्या मुलाला काही सांगितलं नाही.

आमच्या धंद्यात एक उचंत खातं असतं. ज्या रकमेचा अर्थ लागत नाही, ती तात्पुरती तिथे टाकायची, म्हणजे आजचा मेळ बसतो. चांगला मुनीम उचंत खातं लवकरात लवकर रिकामं करतो, कारण तिथे पडून राहिलेली प्रत्येक रक्कम पुढे कुणाच्या तरी गळ्यात येते. मी तो मुलगा उचंतमध्ये टाकला होता. तीन दिवस स्वतःला सांगत होतो की मी त्याला चोर म्हटलंच नाही, फक्त विचारलं. शब्दशः ते खरं होतं.

त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. शनिवारी रात्री तयारी म्हणून मत्तयाचा पाचवा अध्याय काढला आणि तेविसाव्या वचनावर अडकलो: तू आपलं दान वेदीजवळ आणलंस, आणि आपल्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तिथे तुला आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. हे मी शंभर वेळा तरी वाचलं असेल. पण येशू इथे माझ्या मनातल्या रागाबद्दल बोलतच नाही, हे त्या रात्री पहिल्यांदा दिसलं. तो भावाच्या मनातल्या गोष्टीबद्दल बोलतो. माझ्या मनात त्या मुलाविषयी काहीच नव्हतं, मी मोकळा होतो. ओझं त्याच्या डोक्यावर होतं.

प्रभुभोजन त्या रविवारी मी घेतलं नाही. सोमवारी दुकान उघडल्यावर आधी वाटलं, त्याला गोदामात बाजूला घेऊन सांगावं. पण आळ उघड्यावर घातला होता. म्हणून सगळे जमल्यावर वही उघडून आकडा दाखवला आणि म्हणालो, चूक माझी होती, याची नव्हती, आणि हे मला शुक्रवारीच कळलं होतं. शेवटचं वाक्य तोंडातून काढणं सगळ्यांत अवघड गेलं.

तो म्हणाला, "कोई बात नहीं, दादा." मग थोड्या वेळाने माझ्या गादीजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मेरे पापा को भी बोल दोगे?"

बाजारातलं बोलणं त्याच्या घरापर्यंत पोचलं होतं. चार दिवस वडील त्याच्याशी बोलले नव्हते.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. वडिलांनी आधी पाणी दिलं, मग ऐकून घेतलं. त्या ओट्यावर बसलो असताना मला शुभवर्तमानातला श्रीमंत जकातदार जक्कय आठवला. तो येशूला नुसतं "चुकलो" म्हणाला नाही. ज्या कोणाचं अन्यायाने घेतलं असेल त्याला चौपट परत करतो, असं म्हणाला. मला ते लहानपणापासून जरा जास्तच वाटायचं. त्या संध्याकाळी वाटलं नाही. अठराशे रुपयांच्या एका प्रश्नाने किती ठिकाणी नुकसान केलं होतं, हे मी मोजत बसलो होतो.

हे सगळं सांगण्याचं कारण आहे. वाढ मोजायची तर कशाने मोजायची, हा पुतणीचा खरा प्रश्न होता. मी अजिबात चुकलो नाही असा दिवस मोजायला गेलो, तर माझ्या वहीत फार थोडे दिवस जमा होतील. पण चुकणं आणि परत फिरणं यांच्यामधलं अंतर मोजता येतं. त्या दिवाळीला मला चार दिवस लागले. आज कधी कधी संध्याकाळपर्यंत फिरतो, कधी त्याच वाक्यात. इफिसकरांच्या पत्रातल्या ओळीचा अर्थ मला असा कळला: तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये. राग येणारच नाही असं पौल म्हणत नाही. त्याला एका दिवसाची मुदत घालून देतो.

येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे पाहा. कोंबडा आरवण्यापूर्वी त्याने तीनदा प्रभूला नाकारलं, मग बाहेर जाऊन फार रडला, मग समुद्रकिनारी पुन्हा उठलेल्या येशूकडून तीनदा "माझ्यावर प्रीती करतोस काय?" हे ऐकलं. इथे गोष्ट संपली असती तर छान वाटलं असतं. पण बऱ्याच वर्षांनी, मंडळीचा आधारस्तंभ झाल्यावर, अंत्युखियात तोच पेत्र लोक काय म्हणतील या भीतीने परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायचा थांबला, आणि पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. जुनं भय जुन्याच जागी परत आलं. तरी पेत्र पेत्रच राहिला. शास्त्राने ही गोष्ट झाकून ठेवली नाही याचा मला फार मोठा आधार वाटतो.

शील आणि खरं निघणं

आमच्या घरात मराठी शास्त्र वाचतात आणि उपासना हिंदीत होते. इंदुरात १८७७ मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम सुरू झालं तेव्हापासून इथल्या मंडळ्यांचं बोलणं मुख्यतः हिंदीतच. दोन भाषांत एकच वचन ऐकण्याचा एक फायदा होतो. रोमकरांच्या पाचव्या अध्यायात मराठीत आहे: संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा. हिंदीत 'शील'च्या जागी आहे 'खरा निकलना'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पारखून खरं ठरलेलं असणं, असाच आहे.

'खरा निकलना' म्हणजे काय हे कळायला सराफ्यात जावं. रात्री तिथे गराडू आणि भुट्ट्याचा कीस खायला सगळं शहर लोटतं, पण मी दिवसाच्या सराफ्याबद्दल बोलतो आहे. सोनार काळ्या कसोटीवर दागिना घासतो, रेघ उमटते, तो ती निरखतो. घासल्याने सोनं तयार होत नाही. आत काय होतं ते दिसतं. आणि खोट निघाली तर तो दागिना फेकत नाही, भट्टीत घालतो. संकटात मी कसा वागलो यावरून मला माझ्यातली खोट कळते, आणि ती काढणारा हात ओळखीचा आहे.

इथे एक सावधगिरी सांगतोच, कारण या वचनाचा गैरवापर मी पाहिला आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "सहन कर, त्याने शील घडतं" असं सांगणारे लोक मंडळीत भेटतात. ते पौलाचं म्हणणं नाही. तिला आधी सुरक्षित जागा द्यायची, पोलिसांकडे जायचं तर सोबत जायचं. क्षमा करणं म्हणजे अन्यायाला दार उघडं ठेवणं नव्हे. दुसऱ्याच्या भट्टीचा विस्तव आपण वाढवायचा नसतो.

आणि क्षमेबद्दल बोलायचं तर इंदूरच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. सिस्टर राणी मारिया केरळच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात त्या गरीब, भूमिहीन शेतमजुरांबरोबर काम करत, सावकारांच्या कचाट्यातून त्यांना सोडवत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये एका भाडोत्री मारेकऱ्याने त्यांना भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण, त्याही सिस्टरच, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्या माणसाला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारियांना 'धन्य' (कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं.

लोक राखीबद्दल बोलतात. माझं लक्ष १९९५ आणि २००२ या दोन आकड्यांमधल्या जागेकडे जातं. सात वर्षं. त्या सात वर्षांत त्या घरात किती प्रार्थना झाल्या असतील, किती रात्री त्या प्रार्थना ओठांवर आल्याच नसतील, हे देवाला माहीत. ज्याला कुणाला अजून क्षमा करता आलेली नाही, त्याने या सात वर्षांकडे पाहावं आणि आजच्या दिवसापुरती प्रार्थना करावी.

एकट्याने होत नाही

शास्त्रवाचन, प्रार्थना, प्रभुभोजन ही वाढीची साधनं सर्वांना माहीत आहेत, त्यावर जास्त लिहीत नाही. सकाळी एक परिच्छेद सावकाश वाचावा, त्यातलं एक वाक्य कामावर जाताना बरोबर न्यावं, एवढंच मी करतो. पण एक साधन आपण हरवून बसलो आहोत: एकमेकांजवळ पापाची कबुली देणं. याकोबाच्या पत्रात ते स्पष्ट लिहिलं आहे. १७३८ साली वेस्लीने लहान लहान गटांसाठी नियम घालून दिले, की आठवड्यातून एकदा तरी जमायचं आणि मागच्या भेटीपासून आपण कुठे चुकलो ते एकमेकांना मोकळेपणाने सांगायचं. आमच्या बुधवारच्या प्रार्थनेत आम्ही आजारपणं सांगतो, नोकऱ्या सांगतो, मुलांच्या परीक्षा सांगतो. स्वतःची चूक सांगायला अजूनही जीभ रेटत नाही. ऐकणारा ते बाहेर नेणार नाही याची खात्री हवी, म्हणून दोघं-तिघंच असलेले बरे.

पुतणीशी तसं ठरलं. ती, तिची एक मैत्रीण आणि माझी बायको. दर बुधवारी चहाच्या आधी दहा मिनिटं स्वयंपाकघरात, दार लोटून. आत काय बोलतात ते मला कळत नाही आणि मी विचारत नाही.

परवा मात्र ती कप घेऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि स्वतःच म्हणाली, "काका, सोमवारी सकाळी दादावर खूप ओरडले. गाडीच्या चावीवरून."

"मग?"

"मग दुपारी कॉलेजमधून फोन केला. सॉरी म्हटलं. तो म्हणाला, तबियत ठीक आहे ना तुझी?"

ती हसली. मी तिच्या कपात अजून थोडा चहा ओतला.